पाचवीच्या पोरांना कोनमापक शिकवताना घोडं अडलंय, ३० चा कोन २४ कसा येतो?

डोंगरची_शाळा:
नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेवर आहे, सातारा जिल्ह्यात वरच्या डोंगरी भागात, दोन शिक्षकी शाळा, पाचवी माझ्याकडे, पट सतरा. गेल्या आठवड्यापासून कोन मोजणं चाललंय आणि खरं सांगते, भागाकार शिकवताना एवढा घाम फुटला नव्हता.

पहिला घोळ सगळ्यांना माहीत असलेलाच आहे, ६० चा कोन दिला की निम्मी पोरं १२० लिहितात आणि १३० चा दिला की ५०. कारण कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी, एक आतली एक बाहेरची, आणि पोरं जी आधी दिसेल ती वाचतात. मी एकाला विचारलं असं का लिहिलंस तर म्हणतो बाई तिथं दोन्ही आकडे आहेत ना, मग कुठला पण लिहिला तरी चालतंय की. आता यावर काय बोलणार.

पण खरा प्रश्न दुसराच आहे. परवा वह्या तपासत बसले होते तर तीन जणांची उत्तरं वेगळ्याच प्रकारे चुकलेली. दोन मुली आणि एक मुलगा, तिघं वेगवेगळ्या बाकावर बसतात, म्हणजे कॉपीचा प्रश्न नाही. ३० च्या कोनाला २४ किंवा २५, ४५ च्या कोनाला ४०-४१, ६० ला ५७. मला वाटलं अंदाजपंचे ठोकतायत. पण १२० च्या कोनाला तिघांनी १२३ लिहिलंय आणि ९० चा मात्र तिघांचाही अगदी बरोबर ९० आलाय! समोर बसवून परत मोजायला लावलं, परत तेच. शिरोबिंदू मध्यावर ठेवतायत, भुजेवर कोनमापक लावतायत, वाचतायत पण बरोबर ओळीतून. मी स्वतः माझ्या कोनमापकाने मोजलं तर ३०. हे काय गौडबंगाल आहे कोणी सांगेल का, आणि एकूणच कोनमापक शिकवायची तुमची पद्धत काय?

खडूवाले_गुरुजी:
मॅडम, तेहतीस वर्षं हेच केलं, आता निवृत्त आहे, म्हणून लांबण लागली तर माफ करा.

तुमच्या तीन मुलांचं कोडं मला लगेच उलगडत नाही, पण ६० आणि १२० च्या घोळाबद्दल बोलतो. ही चूक कोनमापकाची नाहीच. पोराने कोनाकडे बघितलेलंच नसतं, त्याचं सगळं लक्ष त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर असतं. आपण काय करतो, धडा सुरू झाला की पहिल्याच दिवशी कंपासपेटी उघडायला सांगतो. मी शेवटची दहाबारा वर्षं पहिले तीन दिवस पेटी उघडूच दिली नाही.

पहिल्या दिवशी मैदानावर. पीटीच्या तासाला ‘दाहिने मुड’ झालं की किती वळलास, पाव फेरी. ‘पिछे मुड’ झालं की अर्धी. चार वेळा दाहिने मुड केलं की परत तोंड होतं तिथंच. कोन म्हणजे वळणं हे एकदा पायात बसलं की डोक्यात जायला वेळ लागत नाही. नंतर खराट्याचे दोन हीर घ्यायचे, एका टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा घालून जोडायचे आणि उघडझाप करायची. (ही व्हॉल्व्ह ट्यूब पुण्याच्या अरविंद गुप्तांकडून उचलली, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे, ते काडेपेटीच्या काड्यांना लावायचे.) एका जोडीला आखूड हीर आणि दुसरीला लांब हीर लावून दोन्ही सारखेच उघडायचे आणि विचारायचं, कुठला कोन मोठा? बहुतेक पोरं लांब हिरांकडे बोट दाखवतात. तिथं अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, मग आखूड जोडी लांब जोडीवर ठेवून त्यांनाच बघू द्या.

दुसऱ्या दिवशी काटकोनाचा कागद. कुठलाही फाटका वेडावाकडा कागद घ्यायचा, एकदा दुमडायचा, मग ती घडीची कड स्वतःवरच येईल असा परत दुमडायचा, झाला काटकोन. तो खिशात ठेवून दिवसभर हिंडायचं, दार, खिडकी, फळा, पुस्तक, बाकाचा पाय, चुलीवरचं पत्र्याचं छप्पर, जिथं कोपरा दिसेल तिथं लावून बघायचं काटकोनापेक्षा लहान का मोठा. वहीत तीन रकाने. एका पोराने एकदा गाईच्या शिंगाला लावून बघितला होता, गाईने शिंग हलवलं आणि कागद गोठ्यात.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोनमापक. तोपर्यंत नियम एकच, आकडा वाचायच्या आधी तोंडाने बोलायचं, ‘लघु’ किंवा ‘विशाल’. लघु म्हणालास आणि १२० लिहिलंस तर तुझा तूच हसशील. मी मुलांना ‘आतली ओळ कधी वाचायची, बाहेरची कधी’ असा नियम कधीच दिला नाही, तो नियम देणाऱ्याला पण आठ दिवसांनी आठवत नाही.

अजून एक विचारतो, राग मानू नका, फळ्यावर कोन काढताना तुम्ही पहिली भुजा नेहमी आडवीच काढता ना, आणि कोन उजवीकडे उघडणारा?

डोंगरची_शाळा:
गुरुजी, पकडलंत. हो, आडवीच. आणि शाळेतला मोठा लाकडी कोनमापक आहे त्याची मूठ तुटलीय, तो एकाच बाजूने धरता येतो, म्हणून कोन पण एकाच बाजूचे काढले जातात.

यूट्यूबर_भाऊ:
मॅडम यूट्यूबवर अॅनिमेशनचे भारी व्हिडिओ आहेत, वर्गात लावा, पाच मिनिटांत कळतं पोरांना.

डोंगरची_शाळा:
भाऊ, रेंज यायला शाळेच्या मागच्या टेकावर जावं लागतं. सतरा पोरं घेऊन टेकावर बसून व्हिडिओ बघायचा तर त्यापेक्षा टेकाचा चढ किती अंशाचा तेच मोजू.

नागपूरची_आई:
माझा मुलगा चौथीत आहे, मी शिक्षिका नाही, पण घरी हेच युद्ध रोज चालतं म्हणून लिहितेय. आमच्याकडे अडचण वेगळीच निघाली. पुस्तकात कोनाच्या भुजा एवढ्या आखूड छापलेल्या की त्या कोनमापकाच्या आकड्यांपर्यंत पोचतच नाहीत, मध्येच संपतात, आणि हा पठ्ठ्या नजरेने पुढे ओढून अंदाजाने वाचायचा. मी म्हटलं अरे पट्टी लावून भुजा वाढव ना, तर ऐकेचना, म्हणे मग कोन मोठा होईल, आणि टीचर म्हणतील तू कोन बदलला. शेवटी मी घराचं दार अर्धं उघडून त्याच्या खालच्या फरशीवर खडूने रेघ मारली, मग तीच रेघ हॉलच्या टोकापर्यंत वाढवली आणि विचारलं दार जास्त उघडलं का? नाही. मग कोन वाढला का? नाही. तेव्हा कुठं भुजा वाढवायला तयार झाला. खडूची रेघ अजून आहे, सासूबाई रोज विचारतात ही कशाची लक्ष्मणरेषा.

आणि ताई, पुस्तकाचं पान शिवणीजवळ फुगलेलं असतं तिथला कोन पानावरच मोजायला लावू नका, कोनमापक सपाट बसतच नाही. वहीत उतरवून मग मोजायचा.

पंचांग_काका:
चांगला विषय काढलात. मुलांना आधी हे सांगा की वर्तुळाचे ३६० भागच का. नुसतं ‘असतात’ म्हणून सांगितलं की त्यांना ते सरकारी नियमासारखं वाटतं. ३६० ला २४ विभाजक आहेत, निम्मे करा, तीन भाग करा, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, बारा, कुठंच अपूर्णांक येत नाही. बॅबिलोनच्या लोकांची साठाची मोजणी होती त्यातून ही परंपरा आली. फ्रेंच क्रांतीच्या काळात सगळंच दशमान करायचं म्हणून काटकोनाचे १०० भाग करून वर्तुळ ४०० चं करायचा खटाटोप झाला, तुमच्या पोरांच्या मोठ्या भावाच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ‘ग्रॅड’ दिसतं ना, ते त्याचंच उरलेलं शेपूट.

आणि आपल्या घरातच अंश रोज वापरतो आपण. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असते ती म्हणजे काय, चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. ३० तिथ्या गुणिले १२, झाले ३६०. राशी बारा, प्रत्येकी ३० अंश. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकी १३ अंश २० कला (६० कला म्हणजे एक अंश). आर्यभटाने ‘ज्या’ची (म्हणजे आजच्या साइनची) कोष्टकं दिली ती ३ अंश ४५ कलांच्या टप्प्याने, म्हणजे २२५ कला, काटकोनात २४ टप्पे.

नागपूरची_आई:
काका, पाचवीची पोरं आहेत हो, ३ अंश ४५ कला कुठं. आधी ३० तरी नीट येऊ द्या.

पंचांग_काका:
बरं बरं. मग कामाचं सांगतो. हात पुढे ताठ करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, करंगळीचं टोक साधारण १ अंश. लहान मुलांचा हात लहान पण मूठ पण लहान, त्यामुळे गणित जवळपास तेच राहतं. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत मुठीवर मूठ ठेवत जायला लावा, साधारण नऊ मुठी व्हायला पाहिजेत. अंदाज करायची सवय यातून लागते, गुरुजी म्हणतायत तीच.

आणि कोनमापकाच्या मधल्या बिंदूला दोरा बांधा, दोऱ्याला नट किंवा खडा, झाला ओळंबा. कोनमापक उलटा धरून सरळ कडेवरून रात्री ध्रुवतारा बघायचा, दुसऱ्याने दोरा कुठल्या आकड्यावर आला ते वाचायचं आणि ते ९० पासून किती लांब आहे ते काढायचं. तुमच्या भागात साडेसतरा-अठराच्या आसपास यायला पाहिजे, कारण ध्रुव जेवढा वर तेवढे तुमचे अक्षांश. (या यंत्राने दिवसा सूर्याकडे बघायचं नाही हे पोरांना दहा वेळा सांगा.)

टूलरूम_मिस्त्री:
ताई, तुमच्या तीन मुलांचं कोडं सुटलंय बहुतेक. मी टूलरूममध्ये आहे, दिवसभर कोनच मोजतो, आमचा व्हर्निअर बेव्हल प्रोट्रॅक्टर (कारखान्यातला बारीक कोनमापक) ५ कलांपर्यंत वाचतो, त्यामुळे ‘लघुकोन कमी, विशालकोन जास्त, काटकोन बरोबर’ हे वाचल्यावर लगेच डोक्यात आलं की हे ठोकलेले आकडे नाहीत. ठोकणारा माणूस तीन ठिकाणी तीन दिशेला चुकतो. ही चूक शिस्तीत चाललीय म्हणजे बसवण्यात गडबड आहे.

घरी जाऊन मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. नीट बघा त्याच्याकडे. शून्य ते १८० ची रेषा अगदी खालच्या कडेवर नसते, कडेच्या वर असते, खाली प्लॅस्टिकची एक कोरी पट्टी सोडलेली असते. माझ्याकडच्यात ती बरोबर ५ मिमी भरली. मधल्या फुलीपासून आकड्यांच्या रेघांपर्यंत साडेचार सेमी. आता मी मुद्दाम चुकीचं केलं, शून्याची रेषा भुजेवर न ठेवता खालची कडच भुजेवर टेकवली, आणि शिरोबिंदू त्या कडेच्या मध्यावर घेतला. काय आलं बघा. ३० चा कोन साडेचोवीस. ४५ चा साडेचाळीस. ६० चा ५७ ला जरासा कमी. ९० चा ९०. १२० चा १२३. १५० चा साडेपंचावन्नावर, म्हणजे १५५.५. तुमचे आकडे आणि माझे आकडे शेजारी ठेवा.

ते का होतं ते पण सांगतो. कड टेकवली की कोनमापकाचा खरा केंद्रबिंदू शिरोबिंदूच्या ५ मिमी वर जातो. कोनाची भुजा त्याच्या खालून निघते, त्यामुळे ती आकड्यांना जिथं भिडायला पाहिजे त्याच्या खाली भिडते, म्हणून कमी. विशालकोनात तेच डाव्या बाजूला होतं, तिथं खाली म्हणजे १८० कडे, म्हणून जास्त. आणि उभी भुजा सरळ वर जाताना केंद्रातूनच जाते, तिला काही फरकच पडत नाही. म्हणून ९० बरोबर. पोरं मूर्ख नाहीत, पोरं फूटपट्टी वापरायला शिकलीयत आणि आपण त्यांना आयुष्यभर ‘कड लाव’ हेच सांगत आलोय.

यात अजून एक गंमत आहे जी भल्याभल्यांना फसवते. शेजारशेजारचे दोन कोन मोजून बेरीज १८० येते का असा ताळा तुम्ही घेतला असाल ना, तर तो ताळा जुळणार! ५७ आणि १२३, बेरीज १८०. चूक दोन्हीकडे सारखीच उलटसुलट असते म्हणून कापली जाते. ही चूक पकडायची तर त्रिकोण द्या. समभुज त्रिकोणाचे तिन्ही कोन या पद्धतीने मोजले तर बेरीज साधारण १७१ येते. किंवा त्याहून सोपं, कंपासपेटीत दोन गुण्ये पडलेले असतात ते बाहेर काढा. एकाचे कोन ३०, ६०, ९०, दुसऱ्याचे ४५, ४५, ९०. ते कागदावर गिरवून मोजायला लावा. उत्तर आधीच माहीत असलेला कोन फुकटात मिळतो, आमच्याकडे याला मास्टर पीस म्हणतात आणि त्याला पैसे पडतात.

डोंगरची_शाळा:
मिस्त्री दादा!! मी आत्ता पेटी उघडून बघितली. माझा कोनमापक जुना आहे, त्याला खाली पट्टीच नाहीये, रेषा जवळपास कडेलाच आहे. म्हणून माझं कड टेकवलं तरी बरोबर येतं. सात वर्षं मी पोरांना ‘कोनमापक रेषेवर टेकवा’ असंच सांगत आलेय म्हणजे. उद्या शाळेत सगळ्यांचे कोनमापक गोळा करते.

खडूवाले_गुरुजी:
मिस्त्री, तुम्हाला सलाम. मी पण तेच ‘टेकवा’ म्हणत आलो असणार, आठवून बघतो आणि बरं वाटत नाही. आमच्या वेळी जर्मन पत्र्याचे कोनमापक होते आणि त्यांच्या मधे भोक असायचं, त्यातून खालचा शिरोबिंदू दिसायचा, म्हणून ही चूक कमी व्हायची का काय कोण जाणे.

मॅडम, उद्या फक्त ‘टेकवा’ हा शब्द काढून टाका. ‘शून्याची रेघ भुजेवर पांघरा’ असं काहीतरी म्हणा. रेघ रेघेखाली लपली पाहिजे. भुजा कोनमापकाच्या आरपार दिसली पाहिजे, कडेच्या बाहेर राहिली तर चूक.

टूलरूम_मिस्त्री:
बरोबर. आणि पेन्सिलीला टोक करायला लावा हो. साडेचार सेमीवर १ मिमी म्हणजे सव्वा अंशाच्या वर जातं. बोथट पेन्सिलीने जाड रेघ मारली की तिच्या डाव्या कडेला वाचलं का उजव्या, यातच अंश-दीड अंश गेला. म्हणून २ अंश इकडेतिकडे असतील तर त्याला चूक म्हणू नका, लाल पेन खाली ठेवा. ५ अंश गेले तर मात्र शोधा कुठं गेले. आणि डोकं बरोबर वर आणून सरळ खाली बघायचं, बाजूने तिरकं बघितलं की प्लॅस्टिकच्या जाडीमुळे आकडा सरकतो.

एका गोष्टीत मात्र गुरुजींशी पटत नाही. नियमच देऊ नका म्हणता, पण माझ्याकडे ॲप्रेंटिस येतात त्यांना ‘अंदाज कर’ म्हटलं की ८५ आणि ९५ मध्ये मार खातात. डोळ्याने दोन्ही काटकोनच दिसतात. तिथं लघु का विशाल हे आधी बोलायचं तरी कसं? मी एकच सांगतो, ज्या भुजेवर शून्य बसलं त्या शून्यावर बोट ठेव आणि दुसऱ्या भुजेपर्यंत बोट सरकवत दहा, वीस, तीस म्हणत जा. ओळ आतली का बाहेरची हे बघूच नको, शून्यापासून निघालास की ओळ आपोआप बरोबर पकडली जाते.

खडूवाले_गुरुजी:
हे मान्य. ८५-९५ ला माझा कागद लागतो, डोळा पुरत नाही. पण बोट सरकवण्यात पोरं शून्यावरून निघतात ते मधेच दुसऱ्या ओळीवर उडी मारतात, तुमचे ॲप्रेंटिस अठराचे असतील, आमची दहाची. दोन्ही करू, आधी कागद, मग बोट.

नागपूरची_आई:
मी मुलाच्या कोनमापकावर आतल्या ओळीवर निळ्या आणि बाहेरच्या ओळीवर लाल मार्करने रंग दिलाय, आणि दोन्ही शून्यांवर एकेक टिकली चिकटवलीय. टिकलीवरून निघायचं. परीक्षेत चालेल का माहीत नाही पण घरात शांतता आहे.

डोंगरची_शाळा:
मंडळी, सोमवारचा अहवाल. जरा सविस्तर लिहिते, कारण मजा आली.

सतरा पैकी पंधरा जणांकडे कोनमापक होते (एकाचा हरवलाय, एकाच्या बहिणीने नेला). सगळे टेबलावर ओळीने मांडले. तीन प्रकार निघाले. काही माझ्यासारखे, रेषा कडेलाच. बरेचसे ३ मिमीची पट्टी असलेले. आणि चार असे की पट्टी चांगली ५-६ मिमी रुंद. त्या चारांतले तीन कुणाचे असतील सांगा! चौथा ज्याचा आहे तो कोन मोजतच नाही, शेजाऱ्याचं बघतो, म्हणून त्याचं उत्तर बरोबर होतं. आणि दोन कोनमापकांवरचे आकडे पुसून पुसून निम्मे गेलेले, ७० च्या जागी नुसतं शून्य दिसतंय.

मग मी कोणाला काहीच सांगितलं नाही. मिस्त्री दादांनी सांगितलं तसं ३०-६० चा गुण्या गिरवायला लावला आणि म्हटलं मोजा. त्या तिघांपैकी एक मुलगी गप्प बसून बघत राहिली, मग गुण्याच्या कोपऱ्यावर छापलेलं ३० दाखवून म्हणाली बाई, यावर ३० लिहिलंय आणि माझं २४ येतंय, गुण्या चुकलाय. म्हटलं शेजारच्याच्या कोनमापकाने बघ. तिने दोन्ही कोनमापक एकावर एक ठेवले, उजेडाकडे धरले, आणि तिचं तिलाच दिसलं की एकाची रेघ कडेला आहे आणि दुसऱ्याची वर. ‘बाई, माझ्याला खाली चड्डी आहे’ अशी ओरडली. वर्ग हसून लोटपोट. आता पूर्ण वर्गात त्या कोऱ्या पट्टीला चड्डीच म्हणतात, ‘चड्डी भुजेच्या खाली गेली पाहिजे’ हा आमच्या वर्गाचा नियम झालाय. साहेब तपासणीला आले आणि पोरांनी हे वाक्य म्हटलं तर मी काय करणार माहीत नाही.

काटकोनाचा कागद पण केला. लघु-विशाल आधी बोलायचं सुरू केल्यावर ६० चे १२० लिहिणारे आठ होते ते दोनवर आले. ते दोन अजून लघु म्हणतात आणि १२० च लिहितात, त्यांच्याबरोबर बोट सरकवून चाललंय. फळ्यावर आता कोन तिरपे, उलटे, खाली तोंड केलेले काढते. खाली उघडणारा कोन दिला तर पहिल्यांदा सगळ्यांनी वहीच फिरवली. मी वही फिरवू दिली, गुरुजी, चालेल ना?

खडूवाले_गुरुजी:
फिरवू द्या. महिन्याभराने सांगा की आता वही जागेवर, कोनमापक फिरवा. चड्डीचा नियम मात्र लिहून ठेवा, तेहतीस वर्षांत एवढा चांगला नियम मला सुचला नाही.

पंचांग_काका:
त्या मुलीने दोन कोनमापक उजेडाला धरून बघितले हे फार आवडलं. यंत्रावर शंका घेणं हे निरीक्षकाचं पहिलं लक्षण. ध्रुवताऱ्याचं केलंत का?

डोंगरची_शाळा:
काका, रात्री शाळेत कोण येणार, पण तीन पोरांना घरून करायला सांगितलंय. एकाचं १९ आलंय, एकाचं १६, तिसऱ्याच्या घरासमोर डोंगर आडवा येतो, त्याने ध्रुव म्हणून दुसराच कुठला तारा मोजून ४० आणलाय.

बाकी एक नवीन प्रकरण झालंय. त्या तिघांतला जो मुलगा आहे ना, त्याच्या वडिलांचं गावात खिडक्या-जाळ्या करायचं छोटं दुकान आहे. आज कोनमापक घेऊन आला तर खालची पट्टीच गायब. घरी हेक्सा ब्लेडने बरोबर शून्याच्या रेषेवर कापून, पॉलिश पेपरने घासून आणलाय. म्हणे बाई, आता टेकवला तरी चालतंय. मी गुण्यावर मोजून बघितलं, ३० ला ३०, ६० ला ६०. मी चिडू का शाबासकी देऊ?

टूलरूम_मिस्त्री:
रेषेवर कापताना रेघ राहिली का गेली? अर्धी रेघ राहिली पाहिजे. तेवढं बघा आणि दहावी झाली की माझ्याकडे पाठवून द्या.